३२ वरून ५० टक्के कॉस्टिक: निकेलच्या फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटरचा १४ महिन्यांचा अनुभव

आधीचा इव्हॅपोरेटर, म्हणजे लाय (कॉस्टिक सोड्याचं पाण्यातलं द्रावण) आटवण्याचं यंत्र, ३१६एल या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलचा होता. लाय ५० टक्क्यांवर जायची, पण एके दिवशी ती ४८ च्या पुढे सरकेना. वाफ वाढवली, व्हॅक्यूम तपासला, फरक नाही. प्लँट बंद केला आणि कन्डेन्सेटच्या (गरम करणारी वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याच्या) कंडक्टिव्हिटी मीटरचा आकडा एकदम उडाला. तेव्हा उलगडलं: चालू असताना वाफेचा दाब जास्त, म्हणून वाफ नळीच्या चिरेतून लायमध्ये शिरत होती, बंद करताच लाय उलटी कन्डेन्सेटमध्ये आली. ट्यूबशीटच्या (नळ्यांची टोकं जिथे बसवतात त्या जाड पत्र्याच्या) वेल्डपाशी केसासारखी बारीक चीर होती. स्ट्रेस करोजन क्रॅकिंग, म्हणजे ताण आणि गंज मिळून धातूला पडणारी चीर.

चूक धातू निवडताना झाली होती. आम्ही पाण्याच्या तापमानावर विचार केला. ज्या व्हॅक्यूमला पाणी ६० अंशांना उकळतं, तिथे ५० टक्के लायला १०० अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि वाफेच्या बाजूची भिंत त्याहून गरम असते. इतक्या तापमानात ३१६एलचा भरवसा धरू नये. साध्या पोलादाचं तर नावच नको, आणि ॲल्युमिनियमची एखादी फिटिंगही राहू देऊ नका. कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो.

नवीन युनिटच्या नळ्या शुद्ध निकेलच्या आहेत. १४ महिन्यांत एकही गळती नाही आणि मालाला लोखंडाचा तपकिरी रंग येणं थांबलं. दर १००० किलो ३२ टक्के लायमागे ३६० किलो पाणी उडवायचं असतं, ते हे युनिट बिनबोभाट करतं.

पण फॉलिंग फिल्ममध्ये लाय नळ्यांच्या आतून पातळ थर होऊन खाली उतरते, त्यामुळे त्याला फीड (आत येणारी लाय) कमी झालेलं अजिबात चालत नाही. वरच्या डिस्ट्रिब्यूटरची (नळ्यांवर लाय वाटणाऱ्या भोकांच्या ट्रेची) काही भोकं कार्बोनेटने बुजली, तर खालच्या नळ्या कोरड्या पडतात. पहिल्या महिन्यात आमचं हेच झालं. ट्रे उघडून प्रत्येक भोक हाताने साफ केलं, तेव्हा कुठे फिल्म सारखी पडू लागली. आता फीडला फिल्टर आहे. बंद करताना गरम पाण्याने धुणं चुकवत नाही, कारण ५० टक्के लाय १२ अंशांच्या आसपास गोठायला लागते.

डायफ्रॅम सेलची (मिठाच्या पाण्यातून कॉस्टिक बनवण्याच्या एका जुन्या पद्धतीची) लाय असेल तर हे यंत्र घेऊ नका. तिच्यात मीठ असतं, ते सांद्रता वाढताना बाहेर पडतं. तिथे पंपाने लाय जोरात फिरवणारं फोर्स्ड सर्क्युलेशनच हवं. आणि पुढे फ्लेक्सपर्यंत (घट्ट पापुद्र्यांपर्यंत, त्यासाठी लाय खूप जास्त तापवावी लागते) जायचं असेल तर फीडमधलं क्लोरेट नक्की तपासा. त्या तापमानाला ते निकेलही खातं, म्हणूनच तिथे क्लोरेट मोडायला साखरेचं द्रावण घालतात.