उन्हात भुगा होणारी पन्नी

खाद्यपदार्थांसाठी ‘१०० टक्के बायोडिग्रेडेबल’ पॅकिंग फिल्म म्हणून नागपूरच्या इतवारी बाजारातील एका ठोक विक्रेत्याने आम्हाला जो माल साध्या पन्नीच्या जवळपास दुप्पट दराने विकला, तो पॉलिथीनच निघाला. कंपोस्टेबल, म्हणजे कंपोस्ट खतात विघटन होणाऱ्या, वेष्टनाच्या अटीवर आमच्याकडे संत्रा बर्फीची ऑर्डर देणाऱ्या ग्राहकाने वेष्टन प्रयोगशाळेत तपासून सगळा माल परत केला, तेव्हा हे उघड झाले.

विक्रेत्याची युक्ती अशी होती. गच्चीवर वाळत घातलेल्या फिल्मचा तुकडा तो हाताने चुरडून दाखवी आणि ‘सहा महिन्यांत माती’ असे सांगे. पॉलिथीनमध्ये कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार मिसळले, की ऊन आणि ऑक्सिजनमुळे त्याच्या लांब रेणूसाखळ्या तुटतात. नागपूरच्या मे महिन्यात तर त्या लवकरच तुटतात. परंतु हा भुगा प्लास्टिकचाच असतो, त्याचे जैविक विघटन झालेले नसते. अशा ऑक्सो-डिग्रेडेबल वस्तूंवर युरोपीय संघाने २०२१ पासून बंदी घातली आहे. ‘सहा महिने’ मात्र विक्रेत्याने खऱ्या मानकातूनच उचलले होते. कंपोस्टेबल प्लास्टिकच्या आयएसओ १७०८८ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सुमारे ५८ अंश तापमानाच्या कंपोस्टमध्ये १८० दिवसांच्या आत किमान ९० टक्के सेंद्रिय कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. कुंडीतल्या मातीत ती परिस्थिती नसते, गच्चीवर तर नाहीच.

कागदपत्रे आम्ही मागितली होती. मिळालेली झेरॉक्स अस्सल प्रमाणपत्राची होती, परंतु ते दुसऱ्याच उत्पादकाचे होते. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे कंपोस्टेबल प्लास्टिकच्या उत्पादकाला विक्रीपूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्याचे नाव व प्रमाणपत्र क्रमांक मालावर छापलेला असावा लागतो. आमच्या रोलवर केवळ हिरवे पान होते.

घरच्या घरी एक प्राथमिक पडताळणी करता येते. फिल्मचा छोटा तुकडा, त्याला हवेचे बुडबुडे चिकटू न देता, पाण्यात पूर्ण बुडवून सोडावा. पॉलिथीन पाण्याहून हलके असल्याने वर येते. पीएलए आणि पीबीएटी ही कंपोस्टेबल पॉलिमर जड असल्याने तळाशी जातात. तथापि खडूची भुकटी भरपूर मिसळलेले पॉलिथीनही बुडू शकते, म्हणून बुडणारी फिल्म खरीच असेल असे नाही.

पैसे परत मागितले असता विक्रेत्याने बिल पुढे केले; त्यावर त्याने ‘पॅकिंग मटेरियल’ एवढेच लिहिले होते. उदरनिर्वाहापुरता स्वयंरोजगार करणाऱ्याला ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, म्हणून आम्ही तक्रार दाखल केली आहे. तुम्ही असा माल घेणार असाल, तर बिलावर ‘कंपोस्टेबल’ हा शब्द, उत्पादकाचे नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.