तालुका विधी सेवा समिती: वावर वाचलं, बँकेचं काम बाकी

विधी सेवा समितीकडून मिळणारा फुकटचा वकील म्हणजे तारखेवर तारीख, असं आमच्या गावात सगळेच म्हणतात. माझ्यापुरतं तरी ते खोटं निघालं. पाचपैकी चार देते.

दिवाळीनंतर आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लकव्याचा मोठा झटका आला. उजवं अंग गेलंच, समजही गेली. पोरालाही ओळखत नाहीत. वावर त्यांच्या एकट्याच्या नावावर. अशात कानावर आलं, की भासऱ्यांनी रस्त्याकडच्या दोन एकरांचा सौदा केला आणि इसारचिठ्ठीवर यांचा अंगठा आहे! अंगठा घ्यायला आलेली माणसं तब्येत पाहायला म्हणून आली होती. चहा मीच केला होता.

समितीचं ऑफिस तालुका कोर्टाच्या आवारातच आहे. मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० नंबरवर आधी फोन केला, पण खरं काम समोर बसूनच झालं. बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आधार, सातबारा, दवाखान्याचे कागद आणि साधा अर्ज एवढ्यावर पॅनलची, म्हणजे समितीच्या यादीतली, वकीलबाई मिळाली. गावातले शहाणे ‘मुखत्यारपत्र करून टाक’ म्हणून मागे लागले होते. तिनं ते पहिल्याच बैठकीत मोडीत काढलं: “काकू, देणाऱ्याला समज असली तरच मुखत्यारपत्र होते. आधीचं असतं तरी आता संपलं असतं.”

दावा यांच्याच नावानं लागला, मी वादमित्र, म्हणजे यांच्या वतीनं दावा चालवणारी. सोबत निशाणी ५ चा अर्ज: निकाल लागेपर्यंत जमीन विकायची नाही, ताब्यात ढवळाढवळ करायची नाही. यांना ऑटोत घालून कोर्टात नेलं. जज साहेबांनी नाव-गाव विचारून पाहिलं, डॉक्टरचा दाखला वाचला आणि तूर्तातूर्त मनाई दिली. हुकमाची नक्कल त्याच दिवशी तलाठ्याकडं आणि दुय्यम निबंधकाकडं देऊन पोच घ्या, हे वकीलबाईनं बजावून सांगितलं. मला तर हुकमाइतकंच मोल त्या दोन पोचींचं वाटतं. कपाटात ठेवलेला हुकूम खरेदीखत लावणाऱ्याला काय दिसणार!

एक गुण कापला, कारण हा हुकूम फक्त थांबवतो, हातात काही देत नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी कोणीच सांगितलं नाही. कापसाचे पैसे यांच्या खात्यात अडकलेत. बँकवाले म्हणतात, खातेदार आणा. दोन साक्षीदारांसमोर अंगठ्यानं पैसे काढायची सोय आहे, पण ती समज शाबूत असलेल्या आजाऱ्यासाठी. यांच्यासाठी पालक नेमून घ्यावा म्हटलं, तर पालक नेमायचा १८९० चा कायदा लहान पोरांपुरता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला प्रतिनिधी उपचारापुरता. म्हणून मग उच्च न्यायालयात रिट, म्हणजे थेट तिथंच करायचा अर्ज. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कोमातल्या नवऱ्याच्या मालमत्तेसाठी बायकोलाच पालक नेमलं आहे, त्याच्या आधारावर आता आमचे कागद नागपूर खंडपीठाच्या विधी सेवा उपसमितीकडं गेलेत. तोवर बी-बियाणं उधारीवर.

जाणाऱ्यांनी एक करा. डॉक्टरच्या दाखल्यावर ‘समज नाही, स्वतःचे व्यवहार पाहू शकत नाही’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘पक्षाघात’ असलं, की समोरचा वकील तेवढंच धरून बसतो. आमच्यात बसला होता. दाखला दुसऱ्यांदा आणावा लागला.