ब्लॉक्ड अकाउंटच्या नावाखाली घेतलेले बारा लाख

माझ्या भाचीला जर्मनीत मास्टर्स करायचं होतं. प्रवेश मिळाला, एपीएसचं (इथली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचं, जर्मन व्हिसासाठी लागणारं) प्रमाणपत्र आलं आणि ऐन व्हिसाच्या तोंडावर कळलं की ब्लॉक्ड अकाउंट म्हणून भरलेले जवळपास बारा लाख रुपये जर्मनीला गेलेच नाहीत. ते सोलापुरातच, एका कन्सल्टन्सीच्या करंट खात्यात जिरले. पोलिसांत तक्रार दिली आहे, म्हणून फर्मचं नाव इथे लिहीत नाही. पण सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडची बरीच पोरं सध्या याच वाटेने निघाली आहेत, तेव्हा पैसे नेमके कुठे अडवले जातात ते सविस्तर सांगतो.

जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य आपल्यासारख्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, तो एक अपवाद. मात्र वर्षभर राहण्याखाण्याचा खर्च तुमच्याकडे आहे हे व्हिसाच्या वेळी दाखवावं लागतं. त्यासाठी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावे ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यात ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि तिकडे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. त्याआधी हीच रक्कम ११,२०८ होती, म्हणजे महिन्याला ९३४.

कन्सल्टन्सीचं सगळंच काम खोटं नव्हतं, आणि तीच खरी गोम. एपीएस खरं निघालं. त्याची फी १८,००० रुपये आहे, यांनी ४०,००० घेतले, पण प्रमाणपत्र खरं आलं. विद्यापीठाचं प्रवेशपत्रही खरं होतं. दोन खरे कागद हातात पडल्यावर तिसऱ्यावर कोण कशाला शंका घेईल?

दाजींचे पॉवरलूम आहेत, टॉवेल काढतात. त्यांची तयारी एज्युकेशन लोनची होती. कन्सल्टन्सीतल्या सरांनी ते मोडून काढलं. "काका, लोनच्या भानगडीत पडू नका. बँक महिना-दोन महिने खाते, व्हिसाची तारीख हातची जाईल. आमच्या खात्यात आरटीजीएस करा. आम्ही सगळ्या पोरांचे युरो एकदम घेतो, रेट चांगला बसतो." यातलं रेटचं बोलणं कापडाच्या धंद्यातल्या माणसाला लगेच पटतं. लोन झालं असतं तर बँकेने पैसे परस्पर ब्लॉक्ड अकाउंटला पाठवले असते आणि यांचा हात मध्ये लागला नसता, हे त्या सल्ल्यामागचं खरं कारण.

एकदम युरो घेणं वगैरे असा काही प्रकार नसतो. शिक्षणासाठी पैसे बाहेर पाठवायचे तर ते विद्यार्थ्याच्या किंवा पालकाच्या खात्यातून, आपल्या बँकेत ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) आणि पॅन देऊन जातात. बँक स्विफ्टची प्रत, म्हणजे पैसे बाहेरच्या बँकेकडे गेल्याचा कागद देते. २०२५-२६ च्या नियमाप्रमाणे वर्षात दहा लाखांवर गेलेल्या स्वतःच्या पैशावर पाच टक्के टीसीएसही, म्हणजे बँकेने पैसे पाठवतानाच घ्यायचा कर, कापला जायचा. दाजींकडे ना ए-टू होता, ना स्विफ्टची प्रत, ना टीसीएस. होती ती ऑफिसची पावती. तिच्यावर बारा लाखांपुढे लिहिलं होतं 'कौन्सेलिंग अँड डॉक्युमेंटेशन'. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर ही आमची फी होती असं म्हणायला त्यांनी जागा आधीच करून ठेवली होती.

मी नवी पेठेत एका पेढीवर हिशेब लिहितो, त्यामुळे मुंबईच्या अपॉइंटमेंटच्या आधी फाईल माझ्याकडे आली. ब्लॉक्ड अकाउंटच्या कन्फर्मेशनचा कागद एकदम टापटीप होता: लोगो, भाचीचं नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख. वर एकूण रक्कम ११,२०८ युरो. खाली महिन्याला मिळणारी रक्कम ९९२. बारा महिन्यांनी गुणलं की ११,९०४ होतात. वरचा आकडा जुन्या वर्षाचा, खालचा नव्या वर्षाचा. कुणा जुन्या विद्यार्थ्याचा कागद घेऊन त्यावर नाव चढवलं होतं आणि एक आकडा बदलायचा राहून गेला होता. मग नीट बघितलं तर नावाची अक्षरं बाकीच्या ओळीपेक्षा किंचित जाड होती.

भाचीला म्हटलं, लॉगिन करून दाखव. लॉगिन तिच्याकडे नव्हतंच. पहिल्या भेटीतच ऑफिसने तिच्या नावाने नवा जीमेल उघडून घेतला होता. पासवर्ड त्यांचा, रिकव्हरीला मोबाईल नंबरही त्यांचाच. पोरं मेल बघत नाहीत आणि डेडलाइन हुकते, असं कारण दिलं होतं. विद्यापीठाचं, एपीएसचं, व्हिसाचं जे काय यायचं ते त्यांच्या कॉम्प्युटरवर यायचं आणि त्यातलं त्यांना हवं तेवढं व्हॉट्सॲपवर हिच्याकडे. तिने स्वतःच्या जुन्या मेलवरून, पासपोर्टची प्रत जोडून, ब्लॉक्ड अकाउंट देणाऱ्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं: या नावाने आमच्याकडे खातं नाही.

दाजी म्हणाले, अपॉइंटमेंट तरी का सोडायची, कागद तर आहे ना? मी हात जोडले. व्हिसाच्या अर्जावर सही विद्यार्थ्याची असते, एजंटची नाही. खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवणं हा जर्मनीच्या निवास कायद्यात गुन्हा आहे. शिवाय व्हिसा नाकारला की पूर्वी वकिलातीकडेच रिमॉन्स्ट्रेशन, म्हणजे फेरविचाराचा अर्ज करता यायचा. ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता एक तर नवा अर्ज करा, नाही तर बर्लिनच्या कोर्टात जा. सुदैवाने तो कागद अर्जात गेला नाही, त्यामुळे पोरीचं नाव स्वच्छ राहिलं. ती जागा मात्र गेली. ऑक्टोबरच्या सत्रासाठी दुसरे बारा लाख कुठून उभे करणार? एपीएस पुढच्या अर्जालाही चालेल, तेवढं एक वाचलं.

ऑफिसात गेल्यावर आधी सिस्टीम अपडेट होतंय, मग जर्मनीत सुट्ट्या आहेत, मग सर पुण्याला गेलेत. शेवटी आरडाओरड झाल्यावर चेक दिला. तो वटला नाही. त्या वेळी वकिलांनी सांगितलेलं फार उपयोगी पडलं: चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. तारीख चुकली तर कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याची बाजू लंगडी पडते. "पुढच्या आठवड्यात परत टाका, नक्की वटेल" असं समोरचा माणूस गोड बोलून सांगतो ते दिवस घालवायलाच. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आहे, त्याला दोन वर्षांची मुदत असते.

लोक विचारतात, असल्या ऑफिसांना सरकारी परवाना नसतो का? नोकरीसाठी माणसं बाहेर पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याने परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. विद्यार्थी पाठवणारा त्या कायद्यात येत नाही. त्यामुळे भिंतीवर फ्रेम करून लावलेलं 'रजिस्टर्ड' म्हणजे बहुतेक वेळा दुकानाची नोंदणी किंवा जीएसटी, त्यापलीकडे काही नाही.

आमच्या तक्रारीत सगळ्यात जास्त वजन कशाला आलं म्हणाल तर आरटीजीएसच्या स्लिपला. दाजींना प्रत्येक व्यवहाराचा रिमार्क लिहायची धंद्यातली सवय. त्यांनी स्लिपवर मुलीचं नाव आणि 'ब्लॉक्ड अकाउंट' असं लिहिलं होतं. पावतीवरच्या 'कौन्सेलिंग'ला तेच उत्तर ठरलं.

२०२५ मध्ये सोलापुरात कुणी कन्सल्टन्सीच्या खात्यात असे पैसे भरले असतील, तर व्हिसाच्या तारखेची वाट न बघता मुलाच्या स्वतःच्या मेलवरून त्या जर्मन कंपनीला आजच विचारा. खातं नाही असं उत्तर आलं तर स्लिप, पावती, व्हॉट्सॲपचे मेसेज घेऊन शहर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. फर्म तीच असेल तर आमची तक्रार तिथे आधीच आहे, तुमची तिला जोडा. एकट्यादुकट्याला ते फीचा वाद म्हणून उडवून लावू शकतात. चार घरांकडे त्याच साच्यातला कागद निघाला तर तसं म्हणायला जागा उरणार नाही.