प्रोटॉन मेल की टुटा?

ग्राहकांचे करारनामे आणि हिशेबाची कागदपत्रे ई-मेलने पाठवणाऱ्या छोट्या कंपनीला स्वित्झर्लंडची प्रोटॉन मेल आणि जर्मनीतील हॅनोवरची टुटा या दोन्ही सेवा विचारात घेण्याजोग्या आहेत. दोन्हींमध्ये साठवलेला मजकूर सेवा देणाऱ्या कंपनीलाही वाचता येत नाही. खरा फरक आहे तो एन्क्रिप्शनच्या, म्हणजे मजकूर इतरांना वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक रूपात बदलण्याच्या, पद्धतीत.

सर्न या संशोधन संस्थेत भेटलेल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये सुरू केलेली प्रोटॉन मेल ओपनपीजीपी हे खुले मानक वापरते, त्यामुळे तेच मानक वापरणाऱ्या इतर सेवांशीही सुरक्षित पत्रव्यवहार होऊ शकतो. मात्र पत्राचा विषय एंड-टू-एंड, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि मिळवणाऱ्यालाच वाचता येईल असा, एन्क्रिप्ट होत नाही, आणि विषयाच्या ओळीतच ग्राहकाचे नाव व रक्कम लिहिण्याची सवय आपल्याकडे सर्रास असल्याने ही उणीव किरकोळ मानता येणार नाही. टुटा विषयही एन्क्रिप्ट करते, परंतु त्यासाठी तिने स्वतःची पद्धत वापरल्यामुळे आउटलुक किंवा थंडरबर्डसारख्या ई-मेल प्रोग्राममधून ती चालवता येत नाही. प्रोटॉनच्या सशुल्क ग्राहकांना ‘ब्रिज’ या जोड-प्रोग्राममुळे ती सोय मिळते.

कॅलेंडर दोघांकडेही आहे. एकाच दस्तऐवजावर अनेकांनी मिळून काम करायचे असेल, तर २०२४ मध्ये आलेल्या प्रोटॉन डॉक्समुळे माझा कौल प्रोटॉनला आहे. केवळ गोपनीय पत्रव्यवहार हवा असलेल्या वकिलाने किंवा सल्लागाराने मात्र टुटाच घ्यावी.