सिस्नेरोस की उरेआ: आधी कोणाला वाचायचं?

मेक्सिकन-अमेरिकन लेखकांपैकी सुरुवात कोणापासून करू, असं कोणी विचारलं की माझ्याकडे दोनच नावं असतात. मग मीच उलट विचारतो: घराबद्दल वाचायचंय की मेक्सिको-अमेरिका सीमेबद्दल?

सॅन्ड्रा सिस्नेरोस १९५४च्या, शिकागोच्या. वडील मेक्सिकोतून आलेले, सोफे-खुर्च्यांना कापड चढवण्याचं काम करायचे. सहा भावांत ही एकटी मुलगी. वडील इंग्रजीत सांगत, 'मला सात मुलगे'. स्पॅनिशमधला 'इहोस' मुलग्यांनाही चालतो आणि एकूण मुलाबाळांनाही. इंग्रजीत येताना नेमकी मुलगी गळाली. (मराठीत 'सात मुलं' म्हणून निभावलं असतं.)

त्यांचं 'द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट' १९८४मध्ये आलं. ४४ छोटे तुकडे, काही तर जेमतेम पानभर. आयोवा विद्यापीठात लेखन शिकताना वर्गात 'घर' या विषयावर चर्चा निघाली आणि त्यांच्या लक्षात आलं, की बाकीचे बोलतायत तसलं घर आपण कधी पाहिलेलंच नाही. पुस्तकातली एस्पेरान्सा टीव्हीत असतो तसा आतून जिना असलेल्या घराची वाट बघते. मिळतं ते लहानसं, लाल. विटा ठिकठिकाणी ढासळलेल्या, दार इतकं फुगलेलं की आत जायला जोर लावून ढकलावं लागतं. त्याआधीच्या घराकडे बोट दाखवून शाळेतली नन विचारते, 'तू तिथे राहतेस?' त्या 'तिथे'त सगळं आलं. शाळेत आपल्या नावाचे वाभाडे निघणं ज्यांनी परदेशात सोसलंय, त्यांना नावावरचा तुकडा तर वेगळा समजावून सांगायला नको.

लुईस अल्बर्टो उरेआ १९५५चे, जन्म मेक्सिकोतल्या, सीमेला लागून असलेल्या तिहुआनाचा. वडील मेक्सिकन, आई अमेरिकन, बालपण सीमेपलीकडे, अमेरिकेतल्या सॅन दिएगोत. म्हणजे सीमारेषा घरातूनच गेलेली. 'द डेव्हिल्स हायवे' (२००४) ही कादंबरी नव्हे, घडलेली गोष्ट आहे. मे २००१मध्ये सीमा ओलांडून अॅरिझोनाच्या वाळवंटात शिरलेल्यांपैकी २६ जण वाट चुकले, १४ मेले. उन्हाने माणूस कसा टप्प्याटप्प्याने मरतो, हे उरेआ इतक्या थंडपणे सांगतात की मला पुस्तक मिटून पाणी प्यावं लागलं होतं. मृतांच्या अंगावर काय सापडलं याच्या नोंदीही आहेत: कंगवा, छोटा आरसा. सीमेवरच्या शिपायांनाही ते खलनायक करत नाहीत, हे मला विशेष वाटतं. अमेरिकेतल्या मानाच्या पुलित्झर पुरस्काराच्या अंतिम यादीत हे पुस्तक पोचलं होतं.

माझं मत विचाराल तर आधी 'मँगो स्ट्रीट'. इंग्रजी सोपं, एका बैठकीत संपतं, आणि दुसऱ्यांदा वाचताना जास्त कळतं. सिस्नेरोस यांची जाडजूड 'कारामेलो' (२००२) मात्र इतक्यात उचलू नका. पात्रांच्या गर्दीत दमछाक होते. बातम्यांमध्ये सीमा, भिंत ऐकून कुतूहल चाळवलं असेल तर थेट उरेआ. भरगच्च कादंबरीच हवी असेल तरी उरेआच: 'द हमिंगबर्ड्स डॉटर' (२००५) ही त्यांच्याच नात्यातल्या, लोकांनी संत मानलेल्या तेरेसिताची कथा, वीसेक वर्षांच्या शोधातून लिहिलेली.

एक गंमत: शिकागोच्या सिस्नेरोस पुढे मेक्सिकोत, सान मिगेल दे अयेंदेला राहायला गेल्या. आणि तिहुआनाचे उरेआ शिकागोत प्राध्यापक झाले.