लेव्हल २ एडास: समृद्धीवर झकास, घाटात नाही

लेव्हल २ एडास (ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टिम) वाली एसयूव्ही घेतल्यापासून समृद्धी महामार्गावर ॲडाप्टिव्ह क्रूझ भरपूर वापरलंय आणि खरंच भारी आहे, १२० ची लिमिट, स्पीड सेट केला की पुढच्या गाडीपासूनचं अंतर रडार सांभाळतं, पायाला केवढा आराम! पट्टे ठळक आहेत म्हणून गाडी लेनमधे ठेवणारं लेन असिस्ट पण नीट चालतं.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मात्र मी ते बंदच ठेवते. उजव्या लेनमधे ट्रक रेंगाळत असतात आणि सेफ गॅप ठेवला की डावीकडून कुणीतरी घुसतंच, मग गाडी खाडकन ब्रेक मारते, मागचा टेम्पोवाला तेवढा सावध असेलच असं नाही ना. बोरघाटात पावसाधुक्यात कॅमेऱ्याला काही दिसत नाही, सिस्टिम मधेच बंद.

सगळ्यात राग कशाचा येतो तर स्टेअरिंगवर हात ठेवा अशी गाडीची वॉर्निंग चुकवायला तिथे बाटली अडकवणाऱ्यांचा. अरे मागे पोरं बसलीयत! लेव्हल २ म्हणजे गाडी मदत करते, चालवता तुम्हीच. समृद्धीवर आधीच सरळ रस्त्याने डोळे जड होतात, त्यात पाय पण मोकळे, म्हणून मधे थांबून विश्रांती घ्याच.

ऑटो इमर्जन्सी ब्रेकिंगसाठी (धडक होईल असं वाटलं की गाडी स्वतःच ब्रेक मारते) पैसे जरूर मोजा, ते कायम चालू ठेवा. बाकीचं टेस्ट ड्राइव्हला हायवेवर नेऊन बघा, शोरूमसमोरच्या चक्करमधे काही कळत नाही.