१२०० मिमी बीएलडीसी पंखा: माल उत्तम, सक्ती नको

बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या डीसी मोटरचा पंखा. हॉल-बेडरूमसाठी जरूर घ्या. जुना साधा (इंडक्शन मोटरचा) पंखा ७५ वॉट खातो, हा ३० च्या आसपास. रोज १२ तास चालवला तर महिन्याला १६ युनिट वाचतात, म्हणजे ८ रुपये दराने जवळपास १३० रुपये. किमतीतला दीड हजाराचा फरक वर्षभरात वसूल.

बसवताना भिंतीवरचा रेग्युलेटर काढून थेट जोडणी करा. तो मध्ये राहिला तर पंखा अडखळतो, पंख्यातला इलेक्ट्रॉनिक बोर्डही जाऊ शकतो. साधा पंखा गल्लीतला इलेक्ट्रिशियन कपॅसिटर बदलून चालू करतो, इथे त्याच मॉडेलचा बोर्ड लागतो.

म्हणूनच १ जानेवारी २०२३ पासूनची पंख्यांवरच्या स्टार लेबलची (वीजबचतीच्या ताऱ्यांची) सक्ती पटत नाही. किमान कार्यक्षमता न गाठणारा स्वस्त पंखा आता विकताच येत नाही. अडगळीच्या खोलीत रोज तासभर पंखा लावणाऱ्याने बीएलडीसी घेतला तर महिन्याला ११ रुपये वाचणार, जास्तीचे दीड हजार फिटायला ११ वर्षं! हा हिशेब ज्याचा त्यानं करावा. ॲटमबर्गसारख्या कंपनीने बीएलडीसी पंखा सक्तीच्या कितीतरी आधी आणला, लोकांनी वीजबिल बघून तो घेतलाही. वॉट आणि हवेचा आकडा खोक्यावर ठळक छापा, निवड गिऱ्हाइकावर सोडा.

आणि हो, बोर्डाची वॉरंटी किती, ते बिलावर लिहून घ्या.